रेणू ध्रुवीय आहे का? आधी आकार काढा, मग प्रभार मांडा

दोन अणूंच्या विद्युतऋणतेतला (बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याच्या क्षमतेतला) फरक काढायचा, तो ०.५ च्या वर गेला की ‘रेणू ध्रुवीय’, म्हणजे एक बाजू किंचित धन आणि दुसरी किंचित ऋण, असं लिहून मोकळं व्हायचं. बहुतेक चुका इथेच होतात. त्या फरकावरून एका बंधाचा स्वभाव कळतो, रेणूचा नाही. रेणूचा निकाल लागतो तो सगळे बंध अवकाशात कुठल्या दिशेला आहेत आणि एकाकी जोड्या (बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या) कुठे बसल्या आहेत यावर.

दोन उदाहरणं बघा. कार्बन टेट्राक्लोराइडमधले चारही बंध ध्रुवीय आहेत, पण रेणूचा डायपोल मोमेंट (धन आणि ऋण प्रभार किती आणि किती अंतराने विलग आहेत याचं माप) शून्य. फॉस्फिनमध्ये फॉस्फरसची विद्युतऋणता २.१९ आणि हायड्रोजनची २.२०, म्हणजे फरक नावालाच. तरी त्याचा डायपोल मोमेंट ०.५७ डिबाय (डिबाय हे त्याचं एकक). नुसता फरक बघणारा या दोन्ही ठिकाणी चुकतो. म्हणून खालच्या टप्प्यांचा क्रम बदलू नका. आकार पक्का झाल्याशिवाय कागदावर एकही प्रभार लिहायचा नाही.

## तयारी

तीन गोष्टी हाताशी असू द्या.

पहिली, पाउलिंग मापनश्रेणीवरची विद्युतऋणता. नेहमी लागणारे आकडे असे: हायड्रोजन २.२०, बोरॉन २.०४, कार्बन २.५५, नायट्रोजन ३.०४, ऑक्सिजन ३.४४, फ्लोरिन ३.९८, फॉस्फरस २.१९, गंधक २.५८, क्लोरीन ३.१६, ब्रोमीन २.९६, आयोडीन २.६६. विद्युतऋणतेच्या आणखीही मापनश्रेणी आहेत आणि त्यांचे आकडे वेगळे येतात. एक मूलद्रव्य एका तक्त्यातून आणि दुसरं दुसऱ्या तक्त्यातून उचललं तर वजाबाकीला काही अर्थ उरत नाही.

दुसरी, एक स्थिरांक: एका इलेक्ट्रॉनाएवढे धन आणि ऋण प्रभार एकमेकांपासून १ अँगस्ट्रॉमवर ठेवले तर डायपोल मोमेंट ४.८० डिबाय होतो. पुढची सगळी आकडेमोड यावरच चालते.

तिसरी, त्रिमितीय मॉडेल. किट नसेल तर मातीचे गोळे आणि काड्याही चालतील. हे वगळू नका. कागदावरच्या सपाट चित्रामुळे काय घोटाळा होतो ते दुसऱ्या टप्प्यात येईलच.

## टप्पा १: इलेक्ट्रॉन मोजून रचना काढा

१. सगळ्या अणूंच्या संयुजा (सगळ्यात बाहेरच्या कवचातल्या) इलेक्ट्रॉनांची बेरीज करा. आयन असेल तर ऋण प्रभाराइतके इलेक्ट्रॉन मिळवा, धन प्रभाराइतके वजा करा.

२. मध्यवर्ती अणू ठरवा. सहसा तो कमी विद्युतऋण असतो. हायड्रोजन कधीच मध्ये येत नाही असं धरून चाला.

३. बंध काढा, बाहेरच्या अणूंची अष्टकं (प्रत्येकाभोवती आठ इलेक्ट्रॉन, हायड्रोजनला मात्र दोनच) पुरी करा आणि उरलेले इलेक्ट्रॉन मध्यवर्ती अणूवर एकाकी जोड्या म्हणून ठेवा.

पाण्यात ६ + १ + १ = ८ इलेक्ट्रॉन. दोन बंधांत चार गेले, उरलेल्या चारांच्या ऑक्सिजनवर दोन एकाकी जोड्या झाल्या. कार्बन डायऑक्साइडमध्ये १६ इलेक्ट्रॉन असतात आणि कार्बनवर एकही एकाकी जोडी उरत नाही. सल्फर डायऑक्साइडमध्ये १८ असतात आणि गंधकावर एक जोडी उरते. सूत्रं दिसायला सारखी, पण त्या एका जोडीमुळे पहिला रेणू सरळ आणि अध्रुवीय, तर दुसरा वाकलेला आणि १.६३ डिबायचा.

तपासा: चित्रातले सगळे इलेक्ट्रॉन पुन्हा मोजा. सुरुवातीची बेरीज आणि ही बेरीज जुळलीच पाहिजे.

सावधान: अणूंचा क्रम सूत्रावरून गृहीत धरू नका. नायट्रस ऑक्साइडमध्ये ऑक्सिजन मध्ये नसतो. क्रम नायट्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन असा आहे. ऑक्सिजन मध्ये ठेवला तर रेणू सममित दिसतो आणि उत्तर शून्य येतं. खरा आकडा ०.१६ डिबाय आहे. लहान आहे, पण शून्य नाही.

## टप्पा २: त्रिमितीय आकार ठरवा

मध्यवर्ती अणूभोवती इलेक्ट्रॉनांचे किती गट आहेत ते मोजा. एकेरी बंध एक गट, दुहेरी किंवा तिहेरी बंधही एकच गट, आणि प्रत्येक एकाकी जोडी एक गट. दोन गट असतील तर सरळ रेषा, तीन असतील तर सपाट त्रिकोण, चार असतील तर चतुष्फलक, पाच असतील तर त्रिकोणी द्विपिरॅमिड, सहा असतील तर अष्टफलक.

ही झाली गटांची मांडणी. रेणूचा आकार म्हणजे त्यातून एकाकी जोड्या वगळून उरलेली अणूंची जागा. मिथेन, अमोनिया आणि पाणी या तिघांतही गट चारच आहेत. मिथेनमध्ये चारही बंध, कोन १०९.५ अंश. अमोनियात एक एकाकी जोडी, म्हणून पिरॅमिड, कोन सुमारे १०७ अंश. पाण्यात दोन एकाकी जोड्या, म्हणून वाकलेला आकार, कोन १०४.५ अंश. एकाकी जोडी बंधातल्या जोडीपेक्षा जास्त जागा व्यापते आणि बंधांना एकमेकांकडे ढकलते.

सगळ्यात जास्त फसवतो तो डायक्लोरोमिथेन. कागदावर कार्बन मध्ये, वर-खाली क्लोरीन आणि डावी-उजवीकडे हायड्रोजन असं काढलं की क्लोरीन समोरासमोर दिसतात आणि बंध एकमेकांना रद्द करतात असं वाटतं. कोणी दोन्ही क्लोरीन शेजारी काढले तर तोच रेणू ध्रुवीय वाटतो. प्रत्यक्षात चतुष्फलकात ‘समोरासमोर’ अशी जागाच नाही. कुठलेही दोन कोपरे घ्या, त्यांच्यातला कोन सारखाच असतो. त्यामुळे डायक्लोरोमिथेनची रचना एकच आहे आणि तो नेहमी ध्रुवीय असतो, १.६० डिबाय. मॉडेल हातात घेऊन दोन क्लोरीन एका बाजूला येतील असं फिरवून बघा, शंका तिथेच मिटते.

झेनॉन टेट्राफ्लोराइडमध्ये नेमकं उलटं होतं. तिथे सहा गट आहेत, त्यातल्या दोन एकाकी जोड्या एकमेकींच्या अगदी विरुद्ध दिशेला बसतात आणि चार फ्लोरिन चौरसाच्या कोपऱ्यांवर येतात. रेणू अध्रुवीय. म्हणजे ‘मध्यवर्ती अणूवर एकाकी जोडी आहे, म्हणून ध्रुवीय’ हा नियमही डोळे झाकून वापरता येत नाही.

सममितीची तपासणी: पुढे जाण्याआधी मॉडेलला तीन प्रश्न विचारा. प्रत्येक अणूच्या बरोबर विरुद्ध बाजूला, केंद्रापासून तेवढ्याच अंतरावर, तसाच अणू आहे का? रेणू जसाच्या तसा दिसेल असे दोन वेगवेगळ्या दिशांचे फिरण्याचे अक्ष आहेत का? फिरण्याच्या अक्षाला काटकोनात असलेला आरशाचा प्रतल आहे का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर रेणूचा डायपोल मोमेंट शून्य, आणि बेरजेची गरजच नाही. बोरॉन ट्रायफ्लोराइड, सल्फर हेक्साफ्लोराइड, बेंझीन आणि ट्रान्स-१,२-डायक्लोरोएथीन असेच एका फटक्यात निकाली निघतात.

## टप्पा ३: आंशिक प्रभार मांडा

आता प्रत्येक बंध एकेक करून घ्या. जास्त विद्युतऋण अणूवर डेल्टा ऋण, दुसऱ्यावर डेल्टा धन. ‘डेल्टा’ म्हणजे पूर्ण एक इलेक्ट्रॉन नव्हे, त्याचा काही अंश.

एकच अणू अनेक बंधांत असेल तर प्रत्येक बंधातला वाटा जोडत जा. पाण्यात ऑक्सिजन दोन्ही हायड्रोजनकडून इलेक्ट्रॉन ओढतो. म्हणून एका हायड्रोजनवर डेल्टा धन असेल तर ऑक्सिजनवर त्याच्या दुप्पट ऋण लिहावं लागतं. मिथेनॉलमध्ये ऑक्सिजन एका बाजूने कार्बनकडून आणि दुसऱ्या बाजूने हायड्रोजनकडून ओढतो. द्रव मिथेनॉलच्या एका प्रचलित प्रारूपात ऑक्सिजनवर −०.७००, त्याला जोडलेल्या हायड्रोजनवर +०.४३५ आणि संपूर्ण मिथिल गटावर +०.२६५ असे प्रभार धरतात. बेरीज शून्य येते, आणि ती यायलाच हवी.

तपासा: उदासीन रेणूतल्या सगळ्या आंशिक प्रभारांची बेरीज शून्य आणि आयनात ती आयनाच्या प्रभाराइतकी आली पाहिजे. सममितीने सारख्या असलेल्या अणूंवर सारखेच प्रभार हवेत.

इथे चार चुका वारंवार दिसतात.

फॉर्मल चार्जलाच आंशिक प्रभार समजणं. हायड्रोनियम आयनात ऑक्सिजनवर आपण +१ लिहितो, पण तो हिशोब बंधातले इलेक्ट्रॉन अर्धे-अर्धे वाटून केलेला असतो. प्रत्यक्षात ऑक्सिजन तिथेही इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतोच. त्याच्यावरचा आंशिक प्रभार ऋण असतो आणि धन प्रभार मुख्यतः हायड्रोजनांवर पसरलेला असतो. अमोनियम आयनातल्या नायट्रोजनचंही तसंच.

मर्यादेचे आकडे कायद्यासारखे पाळणं. ‘१.७ च्या वर फरक गेला की आयनिक’ असं म्हणाल तर हायड्रोजन फ्लोराइडचा १.७८ चा फरक त्याला आयनिक ठरवतो. तो तसा नाही. वायुरूपात त्याचे रेणू १.८३ डिबायचे सहसंयुज रेणू म्हणूनच मोजले जातात. हे आकडे अंदाजापुरते ठेवा.

‘सारखेच अणू, म्हणून अध्रुवीय’ असं समजणं. दोन अणूंच्या रेणूत ते खरं आहे. ओझोनमध्ये तिन्ही अणू ऑक्सिजनचेच, पण आकार वाकलेला, कोन सुमारे ११७ अंश. मधल्या अणूचं काम टोकांच्या अणूंपेक्षा वेगळं आहे. मधला धनाकडे झुकतो, टोकं ऋणाकडे. डायपोल मोमेंट ०.५३ डिबाय.

चौथी चूक बाणाची. रसायनशास्त्राच्या वर्गात शेपटीवर फुली असलेला बाण धनाकडून ऋणाकडे काढतात. भौतिकशास्त्रातली या सदिशाची (आकडा आणि दिशा दोन्ही असलेल्या राशीची) व्याख्या मात्र ऋणाकडून धनाकडे जाते, आणि संगणक-प्रणालीतून येणारे आकडे बहुधा याच पद्धतीचे असतात. कुठलीही एक पद्धत धरा, पण एकाच आकडेमोडीत दोन्ही मिसळल्या तर चिन्ह उलटतं आणि चूक सापडता सापडत नाही.

कार्बन मोनॉक्साइड वेगळा लक्षात ठेवा. विद्युतऋणता सांगते की ऑक्सिजन ऋण असावा. मोजमाप सांगतं की डायपोल मोमेंट फक्त ०.११ डिबाय आहे आणि ऋण टोक कार्बनकडे आहे. कार्बनवरची एकाकी जोडी बाहेरच्या बाजूला दूरवर पसरलेली असते आणि ती पारडं फिरवते.

## टप्पा ४: दिशा धरून बेरीज करा

बंधांचे डायपोल सदिश आहेत, म्हणून आकडे थेट मिळवायचे नाहीत. सोपा मार्ग असा: आधी सममितीचा अक्ष शोधा, त्या अक्षाच्या दिशेतला प्रत्येक बंधाचा घटक काढा आणि तेवढेच जोडा. अक्षाला आडवे घटक आपोआप रद्द होतात.

क्लोरिनयुक्त मिथेनच्या मालिकेवर हे छान दिसतं. क्लोरोमिथेन १.९० डिबाय, डायक्लोरोमिथेन १.६०, क्लोरोफॉर्म १.०४, कार्बन टेट्राक्लोराइड शून्य. क्लोरीन वाढत जातात तसा डायपोल मोमेंट कमी होत जातो! ध्रुवीय बंधांची संख्या मोजून ध्रुवीयता ठरवणाऱ्याने ही मालिका एकदा हाताने सोडवून बघावी.

सरळ रेषेतला रेणू म्हणजे अध्रुवीय, हाही असाच अर्धवट नियम. कार्बन डायऑक्साइडला तो लागू पडतो, कारण दोन्ही टोकांना ऑक्सिजन आहे. एका ऑक्सिजनच्या जागी गंधक घाला. कार्बोनिल सल्फाइड सरळच राहतो, पण ०.७२ डिबाय दाखवतो.

मग एकाकी जोड्या. सदिशांच्या बेरजेत त्यांना विसरलं की अमोनिया आणि नायट्रोजन ट्रायफ्लोराइड यांचा क्रम हमखास उलटा लागतो. नायट्रोजन-फ्लोरिन फरक ०.९४ आणि नायट्रोजन-हायड्रोजन फरक ०.८४; दोन्ही पिरॅमिड. अपेक्षा अशी की फ्लोराइड थोडा जास्त ध्रुवीय असेल. मोजमाप: अमोनिया १.४७ डिबाय, फ्लोराइड जेमतेम ०.२३. अमोनियात हायड्रोजन धन आणि नायट्रोजन ऋण असल्यामुळे तिन्ही बंधांचा ऋण कल एकाकी जोडीच्या बाजूलाच जातो. दोघांची भर पडते. फ्लोराइडमध्ये बंधांचा ऋण कल फ्लोरिनकडे, म्हणजे जोडीच्या विरुद्ध. दोघं एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात. सुरुवातीच्या फॉस्फिनचं कोडंही इथेच सुटतं: बंध जवळपास अध्रुवीय, पण एकाकी जोडी एका बाजूला.

सावधान: एकेरी बंधाभोवती फिरणाऱ्या रेणूंना एकच आकार नसतो. १,२-डायक्लोरोएथेनमध्ये क्लोरीन विरुद्ध बाजूंना असताना डायपोल मोमेंट शून्य आणि जवळ आले की चांगलाच मोठा. नमुन्यात दोन्ही रूपं असतात, म्हणून मोजलेला आकडा सरासरीचा असतो आणि तापमानानुसार बदलतो. एकच चित्र काढून ‘शून्य’ लिहू नका.

## टप्पा ५: पाण्यावर पूर्ण आकडेमोड

लागणारी माहिती: पाण्याच्या वाफेतल्या एकट्या रेणूचा डायपोल मोमेंट १.८५ डिबाय, ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाची लांबी ०.९५८ अँगस्ट्रॉम, कोन १०४.५ अंश. शोधायचं आहे ते हायड्रोजनवरचा आंशिक प्रभार.

१. कोनाचा अर्धा घ्या: ५२.२५ अंश. त्याचा कोसाइन ०.६१२.

२. ऑक्सिजन मूळबिंदूवर ठेवा, कोन दुभागणारी रेषा म्हणजे अक्ष. प्रत्येक हायड्रोजनचं अक्षावरचं अंतर ०.९५८ × ०.६१२ = ०.५८६ अँगस्ट्रॉम. आडवं अंतर एकाचं +०.७५७, दुसऱ्याचं −०.७५७; ते रद्द होतात.

३. डायपोल मोमेंट = २ × प्रभार × ०.५८६ × ४.८०. म्हणजे १.८५ = ५.६३ × प्रभार.

४. प्रभार = ०.३३. हायड्रोजनवर +०.३३, ऑक्सिजनवर −०.६६.

कोसाइन ऋण आला तर दोन शक्यता आहेत. पूर्ण १०४.५ अंश घातले असतील तर उणे ०.२५ येतं, कॅल्क्युलेटर रेडियनवर राहिला असेल तर उणे ०.४० येतं. चिन्ह दिसताच थांबा.

या ०.३३ चा अर्थ नेमका लक्षात घ्या. आपण सगळा प्रभार अणूंच्या केंद्रांवर तीन बिंदूंत कोंबला आहे आणि एकाकी जोड्यांचा वाटाही त्यातच धरला आहे. डायपोल मोमेंट मोजता येतो. एका अणूचा प्रभार मात्र थेट मोजता येत नाही, तो इलेक्ट्रॉनांचा ढग अणूंमध्ये कसा वाटायचा यावर ठरतो.

दोन अणूंच्या रेणूत काम आणखी सोपं. हायड्रोजन फ्लोराइड: १.८३ भागिले (०.९१७ × ४.८०) = ०.४२. हायड्रोजन क्लोराइडचा १.०८ डिबाय आणि १.२७ अँगस्ट्रॉम घेऊन हेच करा, ०.१८ च्या आसपास आलं पाहिजे.

सावधान: आयनाचा डायपोल मोमेंट मूळबिंदू कुठे धरला यावर बदलतो. आयनासाठी आकडा देत असाल तर मूळबिंदू सांगावाच लागेल. सहसा वस्तुमानकेंद्र घेतात.

## टप्पा ६: संगणकी प्रारूपासाठी प्रभार निवडणं

सिम्युलेशन (रेणूंच्या हालचालीचं संगणकावरचं अनुकरण) करणाऱ्यांची पहिली तक्रार अशी असते की हिशोबात ०.३३ आला, पण प्रारूपात वेगळाच आकडा आहे. पाण्याच्या टिप-थ्री-पी (TIP3P) या प्रारूपात हायड्रोजनवर +०.४१७ आणि ऑक्सिजनवर −०.८३४, तर एसपीसी-ई (SPC/E) या दुसऱ्या प्रारूपात +०.४२३८ आणि −०.८४७६. ही चूक नाही. द्रवात शेजारचे रेणू एकमेकांचे इलेक्ट्रॉन आणखी ओढतात आणि प्रत्येक रेणूचा डायपोल मोमेंट वाफेतल्यापेक्षा वाढतो. या दोन्ही प्रारूपांत तो सुमारे २.३५ डिबाय धरलेला आहे. टिप-फोर-पी मध्ये तर ऑक्सिजनच्या केंद्रावर प्रभार शून्य असतो, −१.०४ हा सगळा ऋण प्रभार हायड्रोजनांच्या दिशेने ०.१५ अँगस्ट्रॉमवर असलेल्या चौथ्या बिंदूवर ठेवलेला असतो.

म्हणून एका प्रारूपातला ऑक्सिजन आणि दुसऱ्यातला हायड्रोजन असं कधीही करू नका. प्रभार, बंधलांबी, कोन आणि बाकीचे स्थिरांक एकमेकांशी जुळवूनच ठरवलेले असतात.

नवीन रेणूसाठी क्वांटम गणनेतून प्रभार काढत असाल तर पद्धतीचं नाव लिहूनच आकडा वापरा. पाण्यातल्या ऑक्सिजनला हिर्शफेल्ड पद्धत −०.३ च्या आसपास देते आणि बेडर पद्धत −१ च्या पलीकडे जाते, रेणू तोच. मुलिकन पद्धतीचा आकडा तर आधारसंच (गणनेत वापरलेल्या गणिती फलनांचा संच) बदलला की हलतो. रेणूंमधलं आकर्षण हवं असेल तर रेणूभोवतीच्या विद्युत विभवाशी जुळवलेले प्रभार बरे पडतात, फक्त आत दडलेल्या अणूंवर त्यांचा भरवसा कमी. आणि गणनेची पातळी तपासा: हार्ट्री-फॉक ही सोपी, अंदाजी क्वांटम पद्धत कार्बन मोनॉक्साइडच्या डायपोलची दिशाच उलटी सांगते.

तपासा: निवडलेल्या प्रभारांवरून आणि अणूंच्या स्थानांवरून डायपोल मोमेंट पुन्हा काढा. तो अपेक्षित आकड्यापासून दूर असेल तर सिम्युलेशन सुरू करू नका.

## टप्पा ७: निष्कर्ष कुठवर न्यायचा

डायपोल मोमेंट शून्य म्हणजे आंशिक प्रभार शून्य, असं नाही. कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन स्पष्टपणे धन आहे; हायड्रॉक्साइड आयन येऊन चिकटतो तो त्याच कार्बनला. विक्रियेचं ठिकाण शोधताना अणूंवरचे प्रभार बघा, रेणूची बेरीज नाही.

विरघळण्याबाबतही घाई नको. १,४-डायॉक्सेनचा डायपोल मोमेंट ०.५ डिबायच्याही खाली आहे, तरी तो पाण्यात कुठल्याही प्रमाणात मिसळतो, कारण त्याचे दोन ऑक्सिजन पाण्याच्या हायड्रोजनांशी बंध करतात. उलट क्लोरोफॉर्म ध्रुवीय असूनही पाण्याखाली वेगळा थर करून बसतो.

घासलेल्या कंगव्याकडे वाकणारी पाण्याची धार हा ध्रुवीयतेचा पुरावा म्हणून दाखवू नका. एकसारख्या विद्युत क्षेत्रात डायपोल फक्त वळतो, त्याच्यावर निव्वळ बल शून्य असतं. क्षेत्र असमान असलं तरी त्यातून मिळणारी ओढ फार क्षीण. धार इतकी वाकते ती मुख्यतः तिच्यावर साचणाऱ्या विरुद्ध प्रभारामुळे. द्रवांची तुलना करायची असेल तर विद्युत अपार्यता (द्रव विद्युत क्षेत्र किती पटीने कमी करतो याचं माप) बघा: २५ अंश सेल्सिअसला पाणी ७८.४, मिथेनॉल ३२.७, कार्बन टेट्राक्लोराइड २.२, हेक्सेन १.९.

शेवटी, आकडा नोंदवताना चार गोष्टी सोबत लिहा: एकक (१ डिबाय म्हणजे ३.३३६ × १०⁻³⁰ कूलोम-मीटर), वायू की द्रव, सदिशाची दिशा कुठल्या पद्धतीने धरली, आणि प्रभार असतील तर ते कुठल्या पद्धतीचे.